झाकलेलं आणि खोडलेलं

"हा फोटो खरा नाही, फोटोशॉप केलाय!" असं कुणी तावातावाने म्हणालं की मला गंमत वाटते. जणू कॉम्प्युटर येईपर्यंत सगळे कॅमेरे हरिश्चंद्राचे अवतारच होते!

लेयर आणि मास्क ही जोडगोळी फोटोशॉपहून खूप जुनी. १८५०च्या दशकात निगेटिव्ह काचेवर घेत. त्यावरचं रसायन निळ्या प्रकाशाला पटकन भुलायचं. त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आकाश पांढरंफटक! फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने काही समुद्रचित्रांत यावर तोड काढली. एक निगेटिव्ह समुद्राची, दुसरी ढगांची, आणि जोड क्षितिजाच्या रेषेवर. एक भाग छापताना दुसरा झाकायचा. झाले की दोन लेयर आणि एक मास्क!

इंग्लंडमधल्या ऑस्कर रेयलँडरने तर १८५७ साली कमालच केली. सन्मार्ग आणि कुमार्ग यांच्यामध्ये उभे असलेले दोन तरुण, असा विषय. 'द टू वेज ऑफ लाइफ' हे त्याचं चित्र तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून झालं. माणसं वेगवेगळी उभी करून फोटो काढले. मग कागदाचा एवढासा भाग उघडा ठेवायचा, बाकीचा काळ्या मखमलीने झाकायचा, तेवढंच छापायचं, की पुढची निगेटिव्ह. अनडूची सोय नव्हती, हे लक्षात घ्या! राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत विकत घेतली. काहींनी मात्र नाकं मुरडली. त्यातल्या उघड्या देहांवरून वाद झाला, तसाच असं 'शिवलेलं' चित्र म्हणजे फोटो का, यावरूनही. आजचाच वाद, दीडशे वर्षं आधी.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही मखमल आकड्यांत आणली. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा : हा ठिपका किती दिसू द्यायचा? त्याचं नाव अल्फा. फोटोशॉप आलं १९९०मध्ये, त्यात लेयर आले १९९४मध्ये. मास्कवर पांढरं म्हणजे दिसेल, काळं म्हणजे लपेल, करडं म्हणजे अर्धवट. महत्त्वाचं हे, की खालचं काहीच पुसलं जात नाही.

खोडरबर आणि मास्क यांत फरक आहे तो इथेच. १९३७च्या एका फोटोत मॉस्कोच्या कालव्याकाठी स्टालिनशेजारी त्याचा पोलीसप्रमुख येझोव्ह आहे. १९४०मध्ये येझोव्हला गोळी घातली गेली, आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी नुसतं पाणी! तिथे खालचा लेयर कुणाला सापडूच नये, असा हेतू होता. जुन्या प्रती उरल्या म्हणून आपल्याला कळलं.

म्हणजे हातचलाखी वाईट नाही. मूळ नाहीसं करणं वाईट.

मध्यंतरी नात्यातल्या एकांनी लग्नाचा ग्रुप फोटो पाठवून "अमक्याला काढून टाक" असं फर्मावलं. कारण विचारलं नाही, घरोघरी मातीच्या चुली. मास्क लावला, मागचा मांडव भरून काढला, हवा तसा फोटो दिला. पण लेयरवाली फाइल जपून ठेवलीय. पांढरा ब्रश फिरवला की ते काका पुन्हा फेट्यासकट हजर!

तेव्हा भांडण मिटलं की नुसतं कळवा. पाच मिनिटांचं काम आहे.