तहानेने राखलेले जंगल

मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीतून पश्चिमेला पाहिले की डोंगराची हिरवी कड दिसते. ही सदनिका घेताना त्याच दृश्याचे पैसे आम्ही मोजले होते. पुढे काही वर्षांनी इमारतीखालच्या जमिनीच्या सरकारी दप्तरात ‘खाजगी वन’ असा शेरा उमटला. घर विकता येईना, गहाण ठेवता येईना. मी बँकेतला कारकून. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. पण त्या दोन शब्दांचा माग काढता काढता जुनी गॅझेटियरे आणि पाणीपुरवठ्याचे अहवाल वाचण्याचा नाद लागला. हा लेख त्या नादातून आला आहे.

या डोंगरात पाणी साठवण्याची विद्या जुनी आहे. कान्हेरीच्या जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर पावसाचे पाणी धरणारे टाके कोरलेले दिसते. तिथल्या प्राकृत शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. मात्र आजच्या जंगलाची हद्द भिक्षूंनी आखली नाही. ती आखली मुंबईच्या तहानेने.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. १८४५ साली पाण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला समिती नेमावी लागली. पुढच्या दशकात पावसाने दगा दिला. गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली, पाणी होड्यांतून आणावे लागले. त्या टंचाईने वर्षानुवर्षे कागदावर रेंगाळलेली योजना मार्गी लावली. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार साष्टीत, मिठी नदीच्या खोऱ्यात, विहार गावाजवळ १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली ते पुरे झाले. पुढे १८७९ साली तुळशी तलाव तयार झाला.

तलाव बांधला म्हणजे काम संपत नाही. विहारचे पाणलोट क्षेत्र सुमारे १९ चौरस किलोमीटर, तुळशीचे सातही नाही. एवढ्या लहान खोऱ्यातली माती आणि घाण थेट तलावात उतरणार. म्हणून पाणलोटात शेती नको, गुरे नकोत, वस्ती नको, असे धोरण आले. जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या, माणसे बाहेर गेली आणि झाडे राहिली. बिबट्यासाठी किंवा निसर्गप्रेमापोटी हे कोणी केले नव्हते. नळाला स्वच्छ पाणी यावे म्हणून जंगल राखले गेले, आणि त्याची पहिली किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या घरी तो नळ कधी गेला नाही.

मग शहराने पाणी लांबून आणायला सुरुवात केली. १८९२ साली तानसा, स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, त्यानंतर भातसा. आज मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्यात विहार आणि तुळशीचा वाटा जेमतेम अकरा कोटी लिटर, म्हणजे शंभरातले तीन लिटर. माझ्या मते जंगलाचे खरे संरक्षण इथे सैल झाले. राष्ट्रीय उद्यान म्हणून १०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राला कायद्याचे कवच मिळाले, हे खरे. पण ज्या गरजेने हे जंगल राखले होते, तिचा शहराला विसर पडला. डोंगर म्हणजे पाणलोट न राहता बांधकामाची जागा झाला.

या जागेसाठी दोन प्रकारची माणसे आली. एक झोपडीत राहणारी, दुसरी आमच्यासारखी. एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ पूर्वीच्या पात्र कुटुंबांना पुनर्वसनासाठी सात हजार रुपये भरायचे होते. आमची लढाई वेगळी होती. १९५० च्या दशकात निघालेल्या आणि पुढे पडून राहिलेल्या नोटिशींच्या आधारे १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली आमच्या जमिनी वन ठरवल्या होत्या. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. रीतसर परवानग्या घेऊन बांधलेली, रीतसर विकत घेतलेली घरे होती. निकाल मला न्याय्यच वाटतो. सोसायटीत पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला. पण ज्यांच्याकडे परवानगीचा कागद नव्हता, त्यांची घरे सतरा वर्षांपूर्वी याच डोंगरावरून गेली होती, हे त्या संध्याकाळी कोणीच बोलले नाही. मीही नाही.

२००९ साली पाऊस कमी झाला आणि मुंबईत पाणीकपात आली. आमच्या सोसायटीच्या बैठकीत तासभर टँकरच्या दराची चर्चा झाली. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरच जातो. आपण तहान त्यांच्याकडे सरकवली आणि जवळचे पाणलोट क्षेत्र देखावा म्हणून विकत घेतले.

शंभरातले तीन लिटर थोडे आहेत. पण टंचाईच्या वर्षी ते कुणाच्या तोंडचे न काढता मिळणारे, शहराच्या स्वतःच्या डोंगरातले पाणी आहे. या उताराच्या उरलेल्या पट्ट्यात नव्या इमारतींची परवानगी मागितली जाईल, तेव्हा पहिली हरकत नोंदवण्याचे कर्तव्य कागद जिंकलेल्या आम्हा रहिवाशांचे आहे. गच्चीवरून दिसणाऱ्या त्या कडेचे हे देणे अजून आमच्याकडे बाकी आहे.