सोळा वर्षांचा रॉबी आणि एका गोळीचा प्रवास

आजची गोष्ट जरा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक लिंक आली. एका मित्राच्या भाच्याला ब्लड कॅन्सर झाला होता, उपचारांना पैसे हवे होते. आम्ही दोनशे-पाचशे, जमेल तसे टाकले. चार महिन्यांनी मेसेज आला, तो गेला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आणि ग्रुप गप्प झाला. लिंकही बंद.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. जगात अनेक आईबाप आपलं मूल कॅन्सरने गेल्यावर त्याच्या नावाने संशोधनासाठी पैसे गोळा करतात. मूल हातातून गेलंय, मग हे कशासाठी? नुसती मनाची समजूत, की त्यातून खरंच काही होतं?

उत्तर शोधायला आपण १९४४ सालच्या न्यूयॉर्कला जाऊ. रॉबर्ट रोस्लर डी व्हिलियर्स, घरचे त्याला रॉबी म्हणायचे. आडनाव ऐकून एबी आठवला असेल, पण हा मुलगा न्यूयॉर्कचा. सोळा वर्षांचा असताना ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेला. त्या काळी हा आजार झालेली मुलं बहुतेक काही महिन्यांतच जायची. घरात पैसा असो वा नसो, फरक पडत नव्हता. कारण विकत घ्यायला औषधच नव्हतं!

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. आमच्या ग्रुपवरच्या लिंकमागे एक आशा होती, की पैसे जमले तर उपचार होतील. रॉबीच्या आईवडिलांकडे ती आशासुद्धा नव्हती.

मग १९४८मध्ये बॉस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी एक निबंध छापला. अमिनोप्टेरिन नावाचं औषध त्यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिलं होतं. त्यातल्या १० मुलांची तब्येत सुधारली. थोड्या काळापुरतीच, आजार परत आला. पण हा आजार मागे हटू शकतो, हे दिसलं. आणि ते औषध ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय कधीतरी.

पुढच्याच वर्षी, १९४९मध्ये, रॉबीचे आईवडील रुडॉल्फ आणि अँटोनेट यांनी मुलाच्या नावाने एक संस्था काढली. वॉल स्ट्रीटवर छोटंसं ऑफिस, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके स्वयंसेवक, तुटपुंजं बजेट. काम दोन प्रकारचं: लोकांना आजाराची माहिती द्यायची आणि संशोधनासाठी पैसे उभे करायचे. संस्था वाढत गेली, नावं बदलत गेली. पुढे ती ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. रॉबीचं नाव पाटीवरून गेलं, काम मात्र चालूच राहिलं.

आता उडी मारू १९९०च्या दशकात. ओरेगॉनमध्ये ब्रायन ड्रूकर नावाचे डॉक्टर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारावर काम करत होते. यात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि पेशींना ‘वाढा, वाढा’ सांगणारं एक बटण कायमचं चालू राहतं. ते बटण बंद करणारं औषध म्हणजे इमॅटिनिब. रोज घ्यायची गोळी. ड्रूकर यांच्या संशोधनाला अमेरिकी सरकारचा पैसा होता आणि याच सोसायटीचाही होता. औषध नोव्हार्टिस कंपनीने बनवलं आणि २००१च्या मे महिन्यात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

हा प्रकार मुख्यतः मोठ्या माणसांना होतो. पण तोच बिघाड काही मुलांच्या ल्युकेमियातही सापडतो, आणि जानेवारी २०१३मध्ये अशा मुलांसाठीही केमोथेरपीच्या जोडीने हे औषध मंजूर झालं. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या सुधारित रूपावरचा नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या वर होतं, जेनेरिक काही हजारांत मिळत होतं.

म्हणजे बघा, आज मुंबईत किंवा लातुरात कुणी ती गोळी पाण्याबरोबर घेतंय, त्यात १९४४ साली गेलेल्या एका पोराचा छोटासा वाटा आहे. घेणाऱ्याला त्याचं नावही माहीत नाही.

हे एकट्या देणग्यांनी झालं असं मी म्हणणार नाही. सरकारी पैसा, डॉक्टरांची अनेक वर्षं, चाचण्यांना तयार झालेले रुग्ण, सगळं लागलं. पण आज श्रीमंत देशांत मुलांमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियात १०पैकी सुमारे ९ मुलं वाचतात. १९४४मध्ये हा आकडा जवळपास शून्य होता.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स स्कॉटला पहिल्या वाढदिवसाच्या आधीच न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर निघाला. चार वर्षांची असताना, २०००मध्ये, तिने घरासमोर लिंबू सरबताचं दुकान मांडलं. जमलेले २,००० डॉलरहून जास्त पैसे तिला डॉक्टरांना द्यायचे होते, बाकीच्या मुलांना बरं करायला. ऑगस्ट २००४मध्ये ती गेली, आठ वर्षांची. तोवर १० लाख डॉलर जमले होते. आईवडिलांनी तिच्या नावाने संस्था चालू ठेवली, आणि आजवर ३० कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली आहे. तिच्यासारखा आजार मात्र अजूनही अनेक मुलांना नेतो. काम संपलेलं नाही.

हा भाग लिहून झाल्यावर मी त्या मित्राला फोन केला. म्हटलं, तुझ्या भाच्याच्या नावाने काही करायचं का? तो म्हणाला, ताईला विचारतो. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: ‘ताई म्हणते, एवढ्यात नको.’

मी काही बोललो नाही. रॉबी गेला १९४४मध्ये, संस्था निघाली १९४९मध्ये. मधली पाच वर्षं त्या आईवडिलांनी कशी काढली असतील, ते त्यांनाच ठाऊक. आम्ही थांबू. ताई म्हणेल तेव्हा लिंक पुन्हा उघडू.