अकीकचा मणी : रतनपूरच्या खाणीपासून जपमाळेपर्यंत

गणरायाच्या चार हातांत काय काय असते असे लहान मुलांना विचारले, तर पाश, अंकुश, मोदक आणि आशीर्वाद देणारा हात अशी उत्तरे पटापट येतात. पण जुनी दगडी शिल्पे नीट पाहिली, तर कित्येक मूर्तींच्या एका हातात मण्यांची छोटी माळ दिसते. ती अक्षमाला. 'अ'पासून 'क्ष'पर्यंतची सगळी अक्षरे जिच्यात गुंफली ती अक्षमाला, असा तिचा अर्थ सांगतात. ज्याचे नाव घेऊन आपण प्रत्येक कामाला सुरुवात करतो, तो स्वतःही माळ ओढत बसला आहे, हे मला फार गोड वाटते.

माळ कशाची असावी याची यादी अक्षमालिकोपनिषदात दिली आहे. पोवळे, मोती, स्फटिक, शंख, चांदी, सोने, चंदन, पुत्रजीविका, कमळबी आणि रुद्राक्ष असे दहा प्रकार. गंमत म्हणजे आपल्या बडोद्यापासून दीड-दोन तासांवर जो मणी हजारो वर्षे घडवला गेला, त्या अकीकचे नाव या यादीत नाही. शास्त्राने वगळले म्हणून लोकांनी काही त्याला सोडले नाही. हिंदूंच्या जपमाळेत तो आहे, मुसलमानांच्या तसबीहमध्ये आहे, आदिवासी बायकांच्या गळ्यात आहे. यंदा आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा याच मण्याविषयी लिहावे असे ठरवले.

हा विषय माझ्या हातातला आहे, म्हणूनही. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एका वृद्ध पटवेकऱ्यांकडे दागिने गाठवायला शिकले. मंगळसूत्र, तन्मणी, मोहनमाळ हे सगळे झाले. पण मन रमले ते अकीकच्या जपमाळेत. रेशमी दोरा, प्रत्येक दोन मण्यांमध्ये एक गाठ, असे १०८ मणी आणि वर मेरुमणी. एका माळेला मला दोन संध्याकाळी लागतात. घाई केली की गाठ सैल पडते आणि मागे जाऊन सोडवावी लागते. म्हणून गाठ मारताना श्वासही आपोआप संथ होतो. जप करताना माझे मन पंधराव्या-विसाव्या मण्यालाच भाजीबाजारात पोचते. माळ गाठवताना मात्र ते जागेवर राहते. का, ते मला सांगता येणार नाही, पण असे होते खरे.

आणि एक गोष्ट मणी ओवताना हाताला कळते. सुई सरळ आत जाते आणि बरोबर मध्यावर किंचित अडते. कारण दगडी मण्याला भोक एका बाजूने आरपार पाडत नाहीत. तसे केले तर सामता पलीकडे निघताना मण्याचा टवका उडतो. म्हणून अर्धे भोक एकीकडून, अर्धे दुसरीकडून. दोन्ही भोके मध्ये जिथे भेटतात तिथे केसाएवढा फरक राहतो, आणि सुई तिथेच थबकते. भोक पाडणाऱ्या माणसाची आणि माझी भेट होते ती त्या जागी. मी त्याला पाहिलेले नसते, पण त्याचा हात किती स्थिर होता हे मला सुईच्या टोकावर समजते.

आता दगडाकडे येऊ. भरूच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यात रतनपूर नावाचे गाव आहे. तिथल्या टेकड्यांत अकीकच्या खाणी आहेत. मूळ दगड मात्र आपल्या सह्याद्रीचा भाऊबंद. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांतूनच पुढे सह्याद्री घडला, त्याच पाषाणात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर साचून अकीकचे गोटे तयार झाले. काळा पाषाण झिजला, हे कठीण गोटे उरले, पाण्याने वाहत येऊन रतनपूरच्या गाळात रुतले.

याच टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. ते हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले. गुजरातमधला सिद्दी समाज त्यांना आपला मूळ पीर मानतो. त्यांची बहीण माई मिश्रा हिचीही समाधी तिथेच आहे. सिद्द्यांच्या बरोबरीने भिल्ल, इतर हिंदू आणि पारशीही तिथे नवस बोलायला जातात. अकीकचा धंदा बावा गोर यांनीच सुरू केला, अशी कारागिरांची श्रद्धा. सिद्दी मंडळी ढोलाच्या तालावर धमाल घालतात ते पाहताना अंगावर काटा येतो. (आपल्या मिरवणुकीतल्या ढोल-ताशाच्या पथकांनी एकदा जरूर पाहावे.)

इतिहासाच्या हिशेबाने ही श्रद्धा जुळत नाही, कारण धंदा बावा गोर यांच्याहून कितीतरी जुना आहे. खंबायतच्या आखाताजवळचे लोथल एस. आर. राव यांनी १९५४ साली शोधले आणि पुढे उत्खनन केले. तिथे हडप्पा काळातला मणी घडवण्याचा कारखानाच सापडला. अर्धवट घडवलेले मणी, तयार मणी, भट्टी, सगळे. तिकडे इराकमध्ये ऊर येथल्या राजघराण्याच्या कबरी लिओनार्ड वूली यांनी १९२०च्या दशकात उघडल्या. त्यांत सिंधू संस्कृतीचे लांब लाल मणी मिळाले. त्या कबरींचे वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. मेसोपोटेमियाच्या लेखांत मेलुहा नावाच्या देशातून अकीक येत असल्याचा उल्लेख आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असे बहुतेक विद्वान मानतात.

हे मणी त्या काळी कसे घडवत असतील, हे समजून घेण्यासाठी संशोधक कुठे गेले? खंबायतला! आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलदीप भान, अमेरिकेतले जोनाथन मार्क केनॉयर आणि इटलीचे मासिमो विदाले या तिघांनी खंबायतच्या कारागिरांबरोबर बसून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. त्यांचा लेख १९९१ साली प्रसिद्ध झाला. जमिनीत सापडलेल्या वस्तूंचा अर्थ लावायला जिवंत कारागिराला विचारावे लागले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

काम असे चालते. खाणीतून काढलेला गोटा मळकट, पिवळट-तपकिरी असतो. लालीचे नाव नाही. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाचे रूप उष्णतेने बदलते आणि लाल रंग वर येतो. घाई केली तर दगड तडकतो. भाजणीनंतर टवके काढणे. जमिनीत एक लोखंडी मेख तिरकी रोवलेली असते. दगड तिच्या टोकावर धरायचा आणि बारीक काठीला बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून हलका ठोका द्यायचा. टवका उडतो तो खालून, मेखेच्या बाजूने. लोखंडाची हातोडी इथे चालत नाही, दगडाचा चुरा होतो. मग घसाई, मग भोक, मग झिलई. भोक पाडायला कमानीचा सामता. त्याच्या टोकाला हिऱ्याचे दोन कण बसवलेले आणि वरून पाण्याची बारीक धार.

हडप्पाच्या कारागिरांजवळ हिरा नव्हता. त्यांनी एका विशिष्ट कठीण दगडाची टोके वापरली. चन्हुदडोचे उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्याला अर्नेस्टाइट म्हणतात. केनॉयर यांनी तशा टोकाने भोक पाडून पाहिले. तासाला अडीच मिलिमीटर! कराचीजवळच्या अल्लाहदिनो येथे ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा सापडला आहे. तसा एक पट्टा घडवायला कामाचे ४८० दिवस लागले असावेत, असा त्यांचा हिशेब आहे. ध्यानधारणेच्या शिबिरात दहा दिवस मौन पाळून आलेली मंडळी मोठ्या कौतुकाने अनुभव सांगतात. त्यांना मी हा आकडा सांगते.

पुढचा इतिहास थोडक्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी-ग्रंथ उज्जैनहून भरूचच्या बंदरात येणाऱ्या अकीकची नोंद करतो. इ. स. १५१६च्या सुमारास पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा लिमोदरा गावच्या अकीकविषयी लिहितो. खंबायतचे मणी अरबस्तानात गेले, पूर्व आफ्रिकेत गेले. आफ्रिकेतून आलेल्या पिराच्या टेकडीतला दगड मणी होऊन आफ्रिकेत परत गेला, हे आख्यायिकेपेक्षाही सुंदर आहे.

बडोद्याच्या वाचकांना इथे मोत्यांची चादर आठवल्याशिवाय राहणार नाही. खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६५च्या सुमारास बसराच्या लाखो मोत्यांनी आणि रत्नांनी भरलेले वस्त्र तयार करवून घेतले. मदिनेतल्या पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी ते होते, असे सांगतात. महाराज १८७०मध्ये वारले आणि चादर बडोद्यातच राहिली. २००९ साली दोहा येथे तिचा लिलाव झाला; आज ती कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिंदू मराठा राजाने पैगंबरांसाठी मोती ओवून घेतले, याचा मला अभिमान वाटतो. पण चादरीसमोर उभे राहिले तर माझी नजर आधी दोऱ्याकडे जाईल. महाराजांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. सुई चालवणाऱ्या बोटांची आठवण कोणी काढत नाही.

खंबायतच्या बोटांचेही तसेच. तिथे एका घरी मी मणी आणायला जात असे. ओसरीवर विजेच्या मोटरवर फिरणारे घसाईचे चाक, समोर घरची बाई मणी धरून बसलेली, आणि तिच्या हातांवर, केसांवर, शेजारच्या पाळण्यावर पिठासारखी पांढरी धूळ. नवरा आत उशीला टेकून बसलेला. वय चाळिशीचे, पण दोन पायऱ्या चढला की धाप लागे. त्याला सिलिकोसिस होता. अकीक म्हणजे सिलिका. तिची अतिबारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथे व्रण पडतात आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे कडक होत जाते. त्यावर इलाज नाही. काम सोडले तरी आजार पुढे सरकतोच, वर क्षयाची भीती. चाकावर न बसलेल्या शेजाऱ्यांनाही तो होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी केली आहे; धूळ ओढून घेणारे पंखे बसवण्याचे प्रयोगही झाले. पण मण्यामागे पैसे मिळवणाऱ्याला पंख्याचा आणि विजेचा खर्च जड जातो, आणि कारखान्यांसाठीचे नियम घराच्या ओसरीपर्यंत पोचत नाहीत.

जुन्या पद्धतीत धूळ नव्हतीच असे मी म्हणणार नाही. टवके काढतानाही ती उडते. पण चाक हाताने फिरत होते तेव्हा वेग माणसाचा होता. झिलईसाठी मणी चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती समोरासमोर बसून इकडून तिकडे लोटत, दिवसचे दिवस. मोटर आली, काम दसपट वेगाने होऊ लागले, आणि धूळही.

त्या घरून आल्यावर कित्येक दिवस मला माळ हातात धरवेना. श्वासाबरोबर नाम घ्यायचे, आणि ज्या मण्यावर घ्यायचे तो कोणाचा तरी श्वास खर्ची घालून गुळगुळीत झालेला! काही जणींनी सुचवले, अकीक सोडा, तुळशीचे मणी घ्या. मी त्या कारागिराच्या बायकोला विचारले. ती म्हणाली, "बेन, तुम्ही घेणे बंद केले तर चूल कशावर पेटवू?" तेव्हा सोडून देणे हा मार्ग माझ्यापुरता बंद झाला.

तेव्हापासून मणी घेताना मी व्यापाऱ्याला तीन गोष्टी विचारते. घसाई कोणी केली, पाण्याखाली केली की कोरडी, आणि चाकाला पंखा आहे का? पहिल्या वर्षी दोन व्यापारी हसले. तिसऱ्याने एका कारागिराकडे नेले. तो चाकावर पाण्याची धार सोडून काम करतो, अंगण चिखलाने भरलेले असते, आणि दिवसाला मणी निम्मेच होतात. मी त्याच्याकडूनच घेते. साहजिकच माझी माळ बाजारातल्या माळेच्या जवळजवळ दुप्पट पडते. मंडळाच्या आनंदमेळ्यात दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतेच, "काकू, आपल्याच माणसांना एवढा भाव?" मी भाव कमी करत नाही. माळ त्यांच्या हातात देते, सुई देते, आणि एका मण्यातून ओवून पाहायला सांगते. मध्यावर सुई अडली की त्या माझ्याकडे बघतात.