स्तन्याधिक्य

स्तन्याधिक्य म्हणजे स्तनपान देणाऱ्या मातेला बाळाच्या गरजेपेक्षा बरेच अधिक दूध येण्याची अवस्था होय. बोलीभाषेत तिला ‘दूध जास्त येणे’ असेच म्हणतात. अशा मातेचे बाळ दूध पिताना ठसकते, पिऊन झाल्यावर वरचेवर गुळणी टाकते आणि रडते. त्यावरून आईला दूध पुरत नाही किंवा तिचे दूध बाळाला पचत नाही, असा समज घरात होतो. या समजातून दूध वाढवण्याचे उपाय सुरू झाल्यास त्रास वाढतो, आणि स्तनपानच थांबवले तर बाळ त्याच्या हक्काच्या आहाराला विनाकारण मुकते.

दूधनिर्मितीचे नियमन

वार पडल्यानंतर मातेच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने कमी होते आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या प्रभावाने दोन ते चार दिवसांत भरपूर दूध येऊ लागते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पुष्कळ मातांना गरजेपेक्षा थोडे अधिकच दूध येते. पुढे नियमनाची सूत्रे मुख्यतः स्तनाकडे येतात: दूध साठून राहिले की निर्मिती मंदावते, काढले गेले की वाढते. दोन्ही स्तनांत हे नियमन स्वतंत्रपणे चालते. केवळ स्तनपानावर असलेले एक ते सहा महिन्यांचे बाळ २४ तासांत सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. मात्र बाळाबाळांत यात मोठा फरक असतो, त्यामुळे अमुक मापाच्या पुढे स्तन्याधिक्य अशी रेषा आखता येत नाही.

कारणे

काही स्त्रियांमध्ये उघड कारण सापडत नाही. रक्तातील प्रोलॅक्टिनचे प्रमाण वाढवणारे आजार किंवा डोम्पेरिडोनसारखी औषधे काहींमध्ये कारणीभूत असतात. अनेकदा मात्र ही स्थिती अजाणता ओढवून घेतलेली असते. बाळाचे पोट भरल्यावरही पंपाने स्तन पूर्ण रिकामा करण्याची किंवा शीतकपाटात साठा करून ठेवण्याची सवय लागली की शरीर ती वाढीव मागणी समजते. दूध दाटते म्हणून माता पंप लावते, आणि पंप लावल्याने दुसऱ्या दिवशी आणखी दाटते. हे चक्र ओळखणे हीच उपचाराची पहिली पायरी मानावी लागेल.

लक्षणे

मातेचे स्तन सतत भरलेले व दुखरे राहतात, दूध गळते, दुधाच्या गाठी आणि स्तनदाह वारंवार होतात. पान्हा फुटताना दुधाची धार इतकी जोरात येते की बाळ गुदमरते, स्तन सोडून मान मागे टाकते किंवा धार रोखण्यासाठी हिरड्यांनी चावते. घाईने गिळताना त्याच्या पोटात हवाही जाते. स्तन काठोकाठ भरलेला असताना येणारे सुरुवातीचे दूध स्निग्धांश कमी असलेले असते. ते मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास दुग्धशर्करा पूर्ण पचत नाही आणि हिरवट, फेसाळ शी व पोटफुगी दिसते. अशी शी पाहून ‘दूध बाधले’ असा निष्कर्ष काढला जातो, तो बहुधा चुकीचा असतो. या बाळांचे वजन सहसा चांगले, कधी अपेक्षेपेक्षा वेगाने वाढते. दूध अपुरे नसल्याची ती सर्वांत भरवशाची खूण होय. क्वचित, धारेला कंटाळून पिणे टाळणाऱ्या बाळाचे वजन कमीही वाढते.

गुळणी आणि उलटी

अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायूची झडप तान्ह्या वयात सैल असते. त्यामुळे दूध विनासायास वर येणे ही निरोगी बाळांतही नित्याची गोष्ट आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी गुळणी टाकतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक असते आणि वर्षाच्या आत बहुतेकांचे थांबते. दुपट्यावर पसरलेले दूध असते त्यापेक्षा नेहमीच जास्त भासते. गुळणी टाकूनही बाळ हसतेखेळते असेल आणि वाढत असेल, तर औषधाची गरज नसते.

हिरवी किंवा रक्तमिश्रित उलटी, दर पाजण्यानंतर जोराने लांब उडणारी उलटी, वजन न वाढणे, लघवी कमी होणे, ताप, मलूलपणा किंवा फुगून कडक झालेले पोट ही मात्र तातडीने बालरोगतज्ज्ञाकडे नेण्याची लक्षणे आहेत. जोराची उलटी दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला होत असल्यास जठरनिर्गम अरुंद झाल्याची शंका घेतात.

उपाय

मातेने मागे रेलून बसावे आणि बाळाला छातीवर पालथे घेऊन पाजावे. धारेचा जोर त्यामुळे कमी होतो. पान्हा फुटताच बाळाला क्षणभर दूर करून पहिली धार कापडात जाऊ द्यावी. मधूनमधून ढेकर काढावी आणि पाजल्यावर काही वेळ बाळाला उभे धरावे. झोपवताना मात्र ते उताणेच असावे. गुळणीच्या भीतीने पालथे झोपवणे धोक्याचे आहे.

निर्मिती कमी करण्यासाठी ठरावीक काळ, बहुधा तीन तास, एकाच बाजूला पाजतात आणि नंतर बाजू बदलतात. दुसरा स्तन दाटल्यास आराम वाटेल इतकेच दूध हाताने काढावे, रिकामा करू नये. बाळाचे वजन चांगले वाढत असेल तरच आणि जाणकाराच्या देखरेखीखाली हा उपाय करावा. स्तनपान नुकतेच सुरू झाले असताना तो घाईने केल्यास दूध खरोखरच कमी पडू शकते. पंपाची सवयही एकदम न तोडता हळूहळू सोडावी लागते, अन्यथा दूध तुंबून स्तनदाह होतो. दाटलेल्या स्तनाला जोराने चोळणेही टाळावे, थंड शेक घ्यावा. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर दूध कमी करणारी औषधे देतात. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२० मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे.

महाराष्ट्रातील बाळंतिणीचा आहार

महाराष्ट्रात बाळंतिणीला अहळिवाचे व डिंकाचे लाडू, मेथी, खसखशीची खीर, शतावरी कल्प असे पदार्थ दूध वाढावे म्हणून आवर्जून दिले जातात. चरकसंहितेतही ‘स्तन्यजनन’ हा द्रव्यांचा वेगळा गण आहे. या पदार्थांनी दूध किती वाढते याविषयीचे पुरावे तोकडे आहेत. तरीही दूध आधीच अधिक येत असल्यास शतावरी, मेथीसारखी खास दुधासाठीची द्रव्ये थांबवणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी बाळंतिणीचे पोटभर जेवण तोडण्याचे कारण नाही. बाळाच्या पोटफुगीवर दिली जाणारी गुटी किंवा ग्राइप वॉटर सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तनपानाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत बसत नाही.

दुग्धदान

अधिकचे दूध मातृदुग्धपेढीला देता येते. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दात्या मातेची तपासणी करून घेतलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. दानासाठी मुद्दाम पंप लावून निर्मिती वाढवू नये. निर्मिती उतरणीला लावताना जे दूध काढावे लागते, तेवढेच द्यावे.