गंजिफा-चित्रण, सावंतवाडीचे
हाताने रंगविलेल्या वर्तुळाकार पत्त्यांची सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पारंपरिक कला. हे काम चितारी कारागिरांकडे असे. दशावतारी गंजिफांच्या संचात १० रंगांची १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने. राजाच्या पानावर अवतार, तर अंकपानांवर त्याचे चिन्ह (उदा., मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशू) अंकाइतक्या वेळा रेखाटतात. डावाची सुरुवात दिवसा रामाचा व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो करतो. अल्पशा वर्तुळात दहा चिन्हे दाटी न होता बसविणे व दिव्याच्या उजेडातही ती ओळखू येणे, ही चित्रकाराची खरी कसोटी होय. छापील स्वस्त पत्त्यांमुळे मागणी खालावली व जाणकार फार थोडे उरले. १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला आत्मसात करून राजवाड्यात तरुण कारागीर घडविले. २०२४ मध्ये या गंजिफांना भौगोलिक निर्देशांक लाभला. तथापि संच आता खेळण्यापेक्षा संग्रहासाठीच अधिक घेतले जातात. त्यामुळे कला तगली, तरी खेळाशी असलेला तिचा संबंध क्षीण झाला आहे.