वल्हे कुणाच्या मापाचे?

आजचा विषय ऐकून ‘वल्ह्याचा तो इतिहास काय सांगावयाचा?’ असे पुष्कळांच्या मनात आले असेल. वल्हे म्हणजे अखेर एक लाकूड. पण डोंगरातून कोसळत येणाऱ्या नदीच्या फेसाळ पाण्यात कयाक नावाच्या अरुंद होडीत एकटा माणूस कमरेपर्यंत स्वतःला जखडून बसतो, तेव्हा त्या लाकडाखेरीज त्याला दुसरे सुकाणू नसते. होडी उलटली, डोके पाण्याखाली गेले, तर पुन्हा वर येण्याचे साधनही तेच. अशा वेळी ते किती लांब असावे आणि त्याचे पाते किती रुंद असावे, हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही. या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांजवळ होते. युरोपने त्यांची दुपाती घडण उचलली. तिच्यामागचे माप मात्र, माझ्या मते, पुष्कळ काळ उचलले नाही.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. होडीच्या काठावरील खुंटीला टेकवून ओढावयाचे आणि नुसत्या हातात धरून मारावयाचे, या दोन्ही वस्तूंना आपण वल्हेच म्हणतो. पण त्या दोहोंत मोठा भेद आहे. पहिल्याचा भार होडी उचलते, दुसऱ्याचा सारा भार माणसाच्या खांद्यावर येतो. कोलाडजवळ कुंडलिकेच्या पाण्यात, भिरा येथील वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या प्रवाहावर, रबरी तराफ्यातून जे गेले असतील त्यांनी दुसऱ्या प्रकारचे, एकपाती वल्हे हाती धरले असेल. त्याच्या वरच्या आडव्या मुठीवरचा हात सोडू नका, अशी तेथे ताकीद मिळते. ती मूठ सुटली की शेजाऱ्याचे दात जावयाचे! कयाकचे वल्हे मात्र दुपाती. मध्ये दांडा, दोन्ही टोकांना पाते.

ग्रीनलंडात झाडे जवळजवळ नाहीत. सैबेरियातील नद्यांनी समुद्रात लोटलेले ओंडके प्रवाहाबरोबर वाहत तेथील किनाऱ्याला लागतात. त्या लाकडाचे वल्हे करावयाचे आणि बर्फावर घासून झिजू नये म्हणून त्याच्या कडांना व टोकांना हाड बसवावयाचे, अशी रीत होती. त्याचे परंपरेने चालत आलेले माप तर आपल्या आजोबांनाही तत्काळ समजले असते : एक वाव आणि एक हात. म्हणजे दोन्ही हात पसरून होणारी लांबी, अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची. पाते इतकेच रुंद की अंगठा आणि बोटे यांच्या पकडीत मावावे. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला हे वल्हे सुमारे पावणेसात फूट भरते. पाते अरुंद असल्यामुळे दिवसभर मारूनही सांधे फार शिणत नाहीत आणि वाराही त्याला कमी झोंबतो. सीलच्या मागावर असलेल्या माणसाला आवाज न करणारे साधन लागते. तोही हेतू साधतो. दुकानातून आणावयाची ही वस्तू नव्हती. माणूस बदलला की माप बदलत असे.

आता युरोपात येऊ. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टरने 1865 साली ‘रॉब रॉय’ नावाची होडी बांधून घेतली. उत्तर अमेरिकेच्या प्रवासात पाहिलेल्या होड्यांचा संस्कार तिच्यावर होता. लांबी 15 फूट, रुंदी 28 इंच, वजन 80 पौंड, आणि वल्हे दुपाती, 7 फुटांचे. तिच्यातून तो ऱ्हाईन, डॅन्यूब आणि स्वित्झर्लंडमधील रॉइस या नद्यांवर फिरला. 1866 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाने हा छंद इंग्लंडभर पसरवला. खुंटीवरचे वल्हे ओढणारा जिकडे जावयाचे तिकडे पाठ करून बसतो, हातवल्हेवाला मात्र समोर पाहतो, या गोष्टीवर त्याचा भर होता. खळाळात शिरताना समोरचा खडक दिसणे किती मोलाचे असते, हे वेगळे सांगावयास नको.

खळाळाच्या खेळाला खरी चालना दिली ती आगगाडीने. म्युनिकमधील आल्फ्रेड हॉयरिख या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने 1905 साली घडी घालता येणारी कापडी होडी केली आणि ती इझार नदीत चालवली. 1907 साली रोझेनहाइमचा शिंपी योहान क्लेपर याने ती कल्पना विकत घेऊन धंदा उभारला. होडी पिशवीत घालून गाडीने डोंगरात जावे आणि नदीतून खाली यावे, असे आता कुणालाही करता येऊ लागले. पण ही होडी रुंद होती, पाऊण मीटरच्या आसपास. बसलेल्याचा हात काठापलीकडे पाण्यापर्यंत पोहोचावा म्हणून वल्हे लांबले. सव्वादोन ते अडीच मीटरची वल्ही रूढ झाली. इन्युइटाचे वल्हे माणसाच्या मापाचे होते, हे होडीच्या मापाचे झाले. संथ सरोवरात याने फारसे बिघडत नाही, खळाळात बिघडते.

कसे, ते पाहण्यासारखे आहे. 1927 साली हान्स एडुआर्ड पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने नान्सेन व रासमुसेन यांच्या पुस्तकांतील वर्णने वाचून, उलटलेली कयाक आतूनच वल्ह्याच्या साह्याने सुलटी करण्याची इन्युइटांची युक्ती साधली. युरोपीय लोकांत तोच पहिला, असे मानले जाते. ग्रंथांवरून पोहणे शिकल्यासारखाच हा प्रकार! त्याच्या रीतीत एका हाताने पात्याचे टोक धरून संपूर्ण वल्हे तरफेसारखे लांब बाहेर काढावे लागे. सरोवरात ते जमते. खळाळात डोके खडकांवरून घसटत असताना पकड बदलण्यास अवधी कोठला? म्हणून पुढे हात जागचे न हलवता सुलटे होण्याची रीत नदीवाल्यांनी पत्करली. होडीही अरुंद झाली आणि वल्हे आखूड होत गेले. आज खळाळातील वल्हे बहुधा 190 ते 205 सेंटीमीटरांचे असते. वाव आणि हात यांची बेरीज करून पाहावी. आकडा जवळपास तोच येतो. कारणे वेगळी आहेत, त्यामुळे यात गूढ शोधण्याचे कारण नाही.

पाते मात्र त्याच्या उलट दिशेने गेले. नदीतला फटका तोकडा व घाईचा असतो. फेसात निम्मी हवा असते. तेथे पात्याने तत्क्षणी पाणी पकडले पाहिजे, म्हणून ते रुंद झाले. येथेच तरुणांची फसगत होते. मोठे पाते म्हणजे मोठी ताकद असे त्यांना वाटते. पण पाते जितके पाणी अडवते तितका धक्का खांद्याला बसतो. वल्हे डोक्याच्या वर उचलून तोल सावरू पाहणाऱ्याचा खांदा निखळणे ही या खेळातील कुप्रसिद्ध दुखापत आहे. दांडा लांब असला तर तरफही लांब, आणि धोका अधिक.

दुसरी गोष्ट पात्यांच्या पिळाची. एक पाते पाण्यात असताना दुसऱ्याने वारा कापावा म्हणून दोन्ही पाती एकमेकांशी काटकोनात बसवण्याची पद्धत कित्येक दशके चालली. त्यासाठी प्रत्येक फटक्याला मनगट मुरडावे लागते. हजारो फटक्यांनंतर मनगटातील शिरा सुजतात. पुढे हा कोन 45, 30 अंशांपर्यंत उतरला, आणि काही जण तर शून्यावर आले. ग्रीनलंडच्या वल्ह्याला पीळ मुळातच नव्हता.

तेव्हा निवड करणाऱ्याने उंचीबरोबर खांद्यांची रुंदी, मुठीचा घेर आणि मुख्यतः आपण कोणत्या पाण्यात उतरणार, हे पाहावे. दांडा डोक्यावर आडवा धरावा, कोपरे काटकोनात ठेवावीत. हात पडतील तेथे पकड. मूठ लहान असेल तर बारीक दांडा घ्यावा, नाहीतर नुसत्या आवळण्यानेच हात भरून येतो. खडकाळ, उथळ नदी असेल तर पात्याची कड जाड व चिवट हवी. लाकूड हाताला उबदार लागते, पण त्याची निगा राखावी लागते. काचतंतू व कार्बनतंतू यांची वल्ही हलकी असतात, त्यांतील कार्बन महाग. नवशिक्याने पहिले वल्हे विकत घेण्यापूर्वी दोन-चार जणांची मागून घेऊन एकेक दिवस मारून पाहावीत.

दूरच्या, निर्जन नदीवर जाणारे मात्र आणखी एक वल्हे बाळगतात. ते सांध्यांवर सुटे होते आणि त्याचे तुकडे होडीत पाठीमागे बांधून ठेवलेले असतात. आगगाडीच्या डब्यात वल्हे मावावे म्हणून घडीच्या होडीवाल्यांनी जो मधला सांधा वापरला होता, तो अशा रीतीने पुन्हा उपयोगी पडतो. खळाळात हातचे वल्हे मोडले किंवा वाहून गेले, की काठावर चढून तो जोडावयाचा.