पाव्हणं कोणत्या गावचं?

मराठवाड्यात ओसरीवर टेकलेल्या अनोळखी माणसाला पाण्याचा तांब्या देता देता विचारतात, "पाव्हणं, गाव कोणतं?" लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला की संगणकही हेच विचारतो. उत्तर आलं नाही तर स्क्रीन काळी राहते, नाहीतर चित्र पुसट येतं. लिनक्सवरचा मॉनिटर का लागत नाही, हे शोधण्याचा बराचसा इतिहास या एका विचारपुशीभोवती फिरतो.

हिंगोली जिल्ह्याचा या इतिहासाशी आता संबंध येतो आहे. औंढा तालुक्यातल्या दुधाळा शिवारात लिगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत धावणारा लेसर गुरुत्वीय लहरी टिपेल. लिगोच्या अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन केंद्रांत नियंत्रण कक्षातले संगणक लिनक्सवर चालतात. टेबलावर शेजारी शेजारी मॉनिटर, वर भिंतीवर आणखी स्क्रीन. टांगलेल्या आरशांपासून जमिनीच्या कंपनापर्यंत सगळं तिथं डोळ्यांसमोर असतं.

इतके मॉनिटर गुण्यागोविंदाने नांदणं ही अलीकडची गोष्ट आहे.

आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणलं. पंधरा पिनांची ती जोडणी अजूनही जुन्या प्रोजेक्टरांवर दिसते. त्या काळी मॉनिटरला स्वतःबद्दल फारसं काही सांगता येत नसे. लिनक्सवाल्याला माहितीपुस्तिका उघडून आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे शोधावे लागत आणि एक्स या खिडक्या-चित्रं दाखवणाऱ्या प्रणालीच्या कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहावे लागत. आकडा चुकला तर जुना काचेचा मॉनिटर बिघडायची भीती खरीच होती.

१९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने तोडगा काढला. मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटांची ओळखपत्रिका ठेवायची, तिचं नाव ईडीआयडी. कंपनी कोणती, रुंदी-उंची किती, कोणतं चित्र झेपेल, सगळं त्यात. व्हीजीएमध्ये ही माहिती बाराव्या आणि पंधराव्या पिनांवरून येते, तर लाल, हिरवा, निळा रंग पहिल्या तीन पिनांवरून जातो. म्हणूनच बारावी पिन वाकली तरी चित्र दिसतं, पण मॉनिटरची ओळख पटत नाही. मग लिनक्स अंदाजाने १०२४ बाय ७६८ चं चित्र लावतो आणि माणूस उगाच ड्रायव्हरला दोष देत बसतो. आधी पिना उजेडात धरून पाहाव्यात. या एका सवयीने कितीतरी तास वाचतात.

लॅपटॉपवाल्यांना खरा दिलासा २००७ मध्ये मिळाला. एक्सचा रँडआर १.२ हा विस्तार आल्यावर एक्स बंद न करता मॉनिटर जोडता-काढता येऊ लागला, आणि 'एक्सरँडआर' ही आज्ञा कोणती जोडणी जिवंत आहे ते सांगू लागली. २००९ मध्ये स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम थेट लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे गेलं. तेव्हापासून शोधाचा क्रम बसला: केबल बदलून पाहा, मग एक्सरँडआर, मग कर्नलच्या नोंदी. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर मात्र एक्सरँडआरच्या भरवशावर राहू नये, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच पाहावं.

एनव्हिडियाचं दुखणं वेगळं. अनेक लॅपटॉपांत आतली स्क्रीन इंटेलच्या चिपला आणि एचडीएमआय एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. ड्रायव्हर बसला नाही की बाहेरचा मॉनिटर मुका. २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स फिनलंडमध्ये भर सभेत या कंपनीवर चिडले होते. तिने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये.

आणि मॉनिटर काही केल्या बोलतच नसेल, तर त्याच्यासारख्याच दुसऱ्या मॉनिटरची ओळखपत्रिका फाइलमध्ये साठवून मशीन सुरू होताना कर्नलच्या हाती देता येते. पिन वाकलेलीच राहते, चित्र मात्र पुऱ्या आकारात येतं. दुधाळ्याच्या नियंत्रण कक्षात पहिला मॉनिटर जोडला जाईल, तेव्हाही आधी वाचले जातील ते हेच १२८ बाइट.